दमानं आत्या

माझ्या आत्याला वडनेरात कुणी कधी पळताना पाहिलं नव्हतं. एकदा आमच्या गोठ्याला आग लागली. सगळी आळी ओरडत धावली आणि निम्मं पाणी वाटेतच सांडलं. आत्या विहिरीवरून दोन भरल्या घागरी घेऊन चालत आली, त्या ओतल्या आणि तशीच चालत पुन्हा विहिरीकडे गेली. गाय वाचली. घाई करणाऱ्या कुणालाही ती एकच शब्द ऐकवायची, "दमानं." म्हणून गावानं तिचं नाव दमानं आत्या ठेवलं. पटवारीसुद्धा तिला त्याच नावानं हाक मारायचा आणि ती ओ द्यायची.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. उंच, अंगानं भक्कम, पावलं पुरुषासारखी. ऐन तारुण्यात नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि आजोबांनी तोडून दिलेलं शेत, जवळच वेगळं राहून, स्वतः पाहू लागली. कापूस वेचायला तिच्यासोबत दोघी मैत्रिणी असत. यशोदाकाकू शेजारच्या, त्या झोपेतही बोलत. गयाबाई अगदी उलट. सासूपुढे, नवऱ्यापुढे, नंतर मुलांपुढेही तिनं कधी वर मान करून शब्द काढला नव्हता. तिघींनी माहूरला पायी जायचं कधीचं ठरवलं होतं, पण दरवर्षी कुणाचं तरी बाळंतपण नाहीतर दुखणं आडवं येई. नवरात्रात जाऊ, असं काकू म्हणत. आत्या म्हणे, "नवरात्रात देवी दिसत नाई, मानसंच दिसतात. माघात जाऊ, कापूस घरात आला का."

ज्या माघात त्या खरंच निघाल्या, त्याच्या थोडं आधी मला सासरहून माहेरी आणून सोडलं होतं. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं. होळीनंतर मला परत पोचवायचं, हातापाया पडून का होईना, असं वडिलांनी मनाशी ठरवलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी काय सांगावं ते मला ठाऊक नव्हतं. आत्या एका संध्याकाळी आली आणि वडिलांना म्हणाली, "पोरीले मी माहूरले नेईन." वडील म्हणाले, "न्या अक्का. देवीपुढं नाक घासून येऊ द्या तिले."

खामगाव, बाळापूर, पातूर, वाशीम, पुसद अशी आमची वाट होती. आत्याचा एक नियम होता: मुक्कामाच्या आधी बसायचं नाही. थकलो तर हळू चालायचं, पण चालायचं. काकू कुरकुरत, मग बोलायच्या नादात विसरून जात. मुक्कामाला धर्मशाळेत नाहीतर एखाद्या देवळात उतरलो की तिथल्या बायका माझ्याकडे बघून चौकशी करत, ही कोण, नवरा काय करतो. आत्या चुलीत काडी सरकवत म्हणायची, "पोरगी माही हाय." त्यापुढे कुणी विचारत नसे. तिनंही साऱ्या वाटेत मला एक प्रश्न विचारला नाही.

पैनगंगेच्या पलीकडे निजामाची हद्द, म्हणजे आमच्या भाषेत मोगलाई. यशोदाकाकूंना मोगलाईची फार धास्ती. नाक्यावरच्या शिपायानं गाठोडी सोडायला सांगितली तेव्हा त्या आत्याच्या मागं सरकल्या. आत्यानं स्वतःचं गाठोडं सोडून एकेक वस्तू त्याच्यापुढे मांडली. लुगडं, चटणीची पुरचुंडी, गुळाच्या दशम्या. "देखो भाऊ," ती म्हणाली, "दमानं देखो." शिपायाला हसू आलं. त्यानं एक दशमी मागून घेतली आणि आम्हाला पुढे जाऊ दिलं.

माहूरच्या डोंगराखाली पोचलो तोवर गयाबाईचे गुडघे सुजून गेले होते. ती पहिल्या पायरीशी बसली. म्हणाली, "तुमी जा. मी खालूनच हात जोडतो." तिला मागं राहायची सवय होती. काकू वर बघून चुळबुळत होत्या. इतकं चालून आल्यावर देवी समोर होती. आत्यानं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

"हात तं मी घरूनबी जोडले असते," ती म्हणाली. "चाललो तं तुमच्यासंगं चाललो. तू चढशीन तवाच मी चढीन."

त्या दिवशी आम्ही खालीच राहिलो. आत्यानं एरंडाची पानं शेकून गयाबाईच्या गुडघ्यांना बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चढायला लागलो. चार पायऱ्या चढायच्या, उभं राहायचं, पुन्हा चार. मागून येणारे पुढे गेले, दर्शन घेऊन खालीसुद्धा उतरले. वर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. गाभाऱ्यात देवीचं ते मोठं शेंदरी मुख समोर आलं आणि गयाबाई रडू लागली. यशोदाकाकूंनी पदर पसरला. पुजाऱ्यानं हातावर कुटलेल्या विड्याचा प्रसाद दिला. आत्यानं तो तोंडात टाकला, नमस्कार केला आणि बाजूला सरकली.

उतरताना मी आणि ती मागं होतो. तिनं विचारलं, "काय मांगतलं वं?"

"काही सुचलं नाही."

"मंग आता सांग. देवीले नाई, मले सांग."

मी काही पायऱ्या उतरले. मग म्हणाले, "मले तिथं परत जायचं नाही." हे मी त्याआधी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

"बरं," आत्या म्हणाली, आणि पुढं होऊन तिनं गयाबाईचा हात धरला.

होळी झाल्यावर नवरा स्वतःच बैलांची दमणी घेऊन मला न्यायला आला. दुसरीला दिवस गेले होते आणि घरात कामाला बाई नव्हती. वडिलांना आनंद झाला. आत्यानं त्याला पाट मांडून जेवायला वाढलं, भाकरीवर तूप घातलं. तो हात धुऊन ओसरीवर बसला तेव्हा ती म्हणाली, "जावाईबुवा, पोरगी येत नाई."

"तिच्या तोंडून ऐकू द्या," तो म्हणाला.

आत्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सुपारी कातरत राहिली. मी दारातून बाहेर आले.

"मी येत नाही."

"काऊन?"

"तुमी मले कामाले नेऊन राह्यले म्हणून."

तो वडिलांकडे बघू लागला. वडील भिंतीकडे बघत होते. आत्यानं त्याच्या बैलांना पाणी पाजलं, वेशीपर्यंत त्याला पोचवलं आणि परत आली. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आत्या रोज संध्याकाळी येऊन त्यांच्याशी पाऊसपाण्याचं बोलत बसे.

मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. अमरावतीला बायकांना मास्तरीण व्हायचं शिक्षण मिळतं, हे आत्या खामगावच्या एका वकिलाच्या बायकोकडून विचारून आली. मी तिथं शिकले आणि पुढे देऊळगाव राजाला मुलींच्या शाळेत लागले. मला पोचवायला आत्या आली, आठवडाभर राहिली. रोज शाळेच्या ओट्यावर बसून माझं शिकवणं ऐके. निघताना तिनं तक्रार केली, "लई घाईनं शिकवतेस. अर्ध्या पोरी मांगं राह्यतात तुह्या." मला राग आला होता. पण ती गेल्यावर मी मागच्या ओळीत जाऊन मुलींच्या पाट्या पाहिल्या. तिचं खरं होतं.

ती एका श्रावणात गेली. नद्यांना पूर होते, निरोप उशिरा आला, मी पोचले तेव्हा दहावा होऊन गेला होता. यशोदाकाकू तिच्या आधीच गेल्या होत्या. ती शेवटपर्यंत शेतावर जात होती, आणि एका दुपारी बांधावर टेकली ती उठली नाही, असं वडिलांनी सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत होते.

तेरावं झाल्यावर मी परत निघाले. स्टेशनाकडे जाणारी बैलगाडी दारात उभी होती, इतक्यात गयाबाई काठी टेकत आली. सोबत तिची नात होती, नऊ-दहा वर्षांची, केस चोपून बसवलेले, काखेत गाठोडं.

"हिले घेऊन जाय," गयाबाई म्हणाली. "तुह्या शाळेत टाक."

"तिच्या बापाला विचारलं का?"

"इचारलं नाई. सांगतलं. वरडला माह्यावर." तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "वरडू दे."

मी पोरीला वर ओढून घेतलं, तिचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि गाडीवानाला निघायला सांगितलं.