बिनसुळ्यांचा राक्षस

पेठच्या डोंगरातलं गाव. बोहाड्यात मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवायचा मान घराघरांत वाटलेला, आणि राक्षस मात्र सोमाच्या घराण्याच्या गळ्यात. कागदाच्या लगद्याचा तो मुखवटा सोमाच रंगवायचा. लाल डोळे, बोटभर सुळे. देवी त्याला मारायची, गाव टाळ्या पिटायचं. सगळ्यांत पुढं बसायची पुतळाबाई. तिचा लेक राजू कारगिलच्या लढाईला गेला तो पेटीतून आला, आणि पेटी काही उघडू दिली नाही. तेव्हापासून राक्षस पडला की ती ओरडायची, "अजून हाण त्याला!" म्हातारीला वर्षातून तेवढंच बरं वाटायचं.

सोमाही त्याच लढाईत होता. पेन्शनीत येऊन भात-नागली बघू लागला. लढाईचं विचारलं की म्हणायचा, "थंडी लय होती." झालं! एवढ्यावर बोळवण.

यंदा जुना मुखवटा उंदरांनी कुरतडला. सोमानं नवा केला, आणि काय बुद्धी झाली कोण जाणे, सुळे लावलेच नाहीत. वर कोवळी मिशी काढली. गावात बोंब उठली. "आरं, राक्षस हाय का नवरदेव?" पंच म्हणाले, पुतळाबाईला दाखव, ती नको म्हणाली तर गुमान सुळे लाव.

म्हातारीचा एवढा एकच विसावा आपण काढून घेतोय, हे सोमाला कळत होतं. त्याला तिची भीती वाटत होती. तरी सुळे लावायला हात धजेना.

पुतळाबाईनं मुखवटा मांडीवर घेतला. "कोन हा?"

"तिकडच्या फौजेतला पोरगा, मावशी. त्याच्या लोकांनी नेला नाय. आम्हीच खड्डा खणला. माती मी लोटली."

"तोंड बघितलंस त्याचं?"

"बघितलं."

"माझ्या राजूचं मला नाय बघू दिलं रे!" म्हातारी रडली, चांगली हमसून रडली. पंच खाली मान घालून बसले. मग नाक पुसत तिनं विचारलं, "याच्या आईला कळलं असंल का?"

"नाय ठाऊक."

बराच वेळ ती मुखवट्याच्या गालावरनं अंगठा फिरवत राहिली. शेवटी सोमाच्या हातात देत म्हणाली, "सोंग हाय, मरायचं तर मरंलच. पन पडल्यावर तसाच टाकू नका. मी येते उचलायला."