दुपारचा धूर

बायको गेल्यापासून माणसं भेटायला येतात आणि म्हणतात, सुटली बिचारी. मला राग येतो. तिला सुटायचं नव्हतं. तिला पोटभर श्वास पाहिजे होता, बस्स. मी शिकलेला माणूस नाही. चौथीत शाळा सोडली नि होडीत बसलो. पण तिच्या श्वासापायी जे काय झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, तेवढं लिहितो.

आमचं गाव समुद्राला लागून, तारापूरच्या बाजूला. मागे बोईसरकडे कारखाने आणि त्याच्याही मागे डोंगर. आम्ही बंदरपट्टीवाले, डोंगराकडचे ते जंगलपट्टीवाले. कारखाने आले तेव्हा दोन्हीकडच्या पोरांना नोकऱ्या लागतील म्हणाले होते. काहींना लागल्या. बाकीच्यांना धूर लागला.

आमच्याकडे वारा दिवसातून दोनदा कूस बदलतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो मतलई. दुपारी समुद्रावरून डोंगराकडे जातो, तो खारा. ऐंशी सालानंतरच्या एका हिवाळ्यात रंगाचा एक कारखाना पहाटेचा पिवळा धूर सोडायला लागला. मतलई तो सरळ आमच्या वाळवणावर आणून टाकायचा. बायका बोंबील दोरीवर टांगायला गेल्या की डोळे चोळत, खोकत परत यायच्या. माझ्या बायकोला आधीच दमा. ती एक हात दोरीला धरून उभी राहायची. छाती वर यायची नि तिथंच अडकायची. मी लांबून बघायचो. आता खाली येईल, आता येईल. कधीकधी इतका वेळ लागायचा की माझाच श्वास थांबायचा.

आम्ही गेलो कारखान्यावर. पुढे आमच्या जमातीचा पाटील, मागे सगळा गाव. वाटलं होतं मारामारी होईल. साहेबाने तर खुर्च्या मांडल्या. चहा पाजला. म्हणाला, "सकाळी त्रास होतो ना? मग सकाळी बंद. आम्ही दुपारी सोडू. दुपारी वारा तुमच्याकडे नसतोच."

पाटील खूश. आम्ही सगळे खूश. येताना एकजण म्हणाला, "चहात साखर पन बरी घातली होती." दुसऱ्या दिवसापासून पहाट स्वच्छ झाली. बायको वाळवणावरून गाणं गुणगुणत घरी आली. मला आणखी काय पाहिजे होतं?

ती दर आठवड्याला जंगलपट्टीच्या बाजाराला जायची. डोक्यावर सुकटीची पाटी, बोईसरपर्यंत टेम्पो, पुढे पायी. आमची सुकट तिकडे आणि तिकडचा तांदूळ आमच्याकडे, हे तिच्या आईच्या वेळेपासून चालत आलेलं. तिकडची एक बाई कंद आणि भाजी घेऊन तिच्या शेजारी बसायची. दोघींचं चांगलं होतं. एकमेकींच्या मालावर लक्ष ठेवायच्या, एकमेकींच्या नवऱ्यांना शिव्या घालायच्या. मला तिकडच्या शिव्या घरबसल्या मिळायच्या.

त्या आठवड्यात ती परत आली ती भरलेल्या पाटीने.

मी विचारलं, "बाजार भरला नाय काय?"

"भरला. आमच्याकडं कोन फिरकलं नाय." तिने पाटी खाली आदळली. "माझी कंदवाली पन तोंड फिरवून बसली. मी म्हटलं, अगो बाय, झालं काय? तर म्हनते, तुमी वारा विकलात आमाला. चहा पिऊन विकलात."

डोंगराकडे आता रोज दुपारी तो पिवळा धूर जात होता. वालाच्या शेतांवर पानं करपली होती. कंदवालीच्या घरात तिची सासू खोकून खोकून बसल्या जागी झोपत होती. आणि हे सगळं आम्ही साहेबाशी ठरवून केलं, असं बाजारभर झालं होतं.

"मी पाटलाकडं जातेय," बायको म्हणाली. "डोंगराकडच्यांना बरोबर घेऊन परत जायचं कारखान्यावर."

मी म्हणालो, "गप बस. तुझा दमा कमी झालाय ना? मग?"

"आनि तिच्या सासूचा?"

"तिची सासू तिचा नवरा बघेल."

मी हे बोललो. आजही बोलेन. मला माझ्या बायकोचा श्वास पाहिजे होता, सगळ्या जंगलपट्टीचा नाही. साहेबाला परत डिवचलं तर धूर पहाटेवर येणार, नि तो पहिला हिच्या छातीत जाणार, एवढं मला कळत होतं. तिलाही कळत होतं. तरी ती गेली.

पाटलाच्या ओटीवर पुरुष जमले. एकजण म्हणाला, "ही बघा, डोंगराची वकीलीन आली." सगळे हसले. ती हसू संपेपर्यंत थांबली. तिला असंही एका दमात बोलता यायचं नाही. मग म्हणाली, "सुकट कोन खातो? तुमी? सगळं गाव मिळून किती खाल? खाऊन दाखवा. मी पाटी आनलीय."

मागून दुसऱ्या बायकाही उठल्या. त्यांच्याही पाट्या भरलेल्याच परत आल्या होत्या. पाटलाने पाट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं की धूर फिरला तर कोणाच्या घरात पहिला हंबरडा उठेल. मी हो म्हणालो नाही आणि नाही पण म्हणालो नाही.

पाटलाने निरोप धाडला, पण जंगलपट्टीचे लोक लगेच आले नाहीत. त्यांना वाटलं ह्याच्यातही काही डाव आहे. शेवटी कंदवालीने आपल्या नवऱ्याला आणि आणखी लोकांना ओढून आणलं. कारखान्याच्या फाटकासमोर दोन घोळके उभे राहिले, मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा सोडून.

साहेब बाहेर आला. ह्या वेळी चहा नाही. आमच्याकडे बघून म्हणाला, "तुमचं तर मिटलं होतं ना?"

पाटील म्हणाला, "आमचं मिटलं. यांचं लागलं. दोन्ही मिटवा."

"दोन्ही कसं मिटेल? धूर कुठेतरी जाणारच. यांना नको असेल तर ठीक आहे, उद्यापासून सकाळी सोडतो. तुम्हीच सांगा."

डोंगराकडचे लोक आमच्याकडे बघत होते, आता हे पलटणार म्हणून. आमच्यातले दोघे-तिघे पाटलाच्या कानाला लागले. मी बायकोचा हात धरला. मला म्हणायचं होतं, साहेब, दुपारीच सोडा. तोंडापर्यंत आलं होतं.

ती म्हणाली, "सोडा."

साहेबाला कळलंच नाही. "काय?"

"सकाळी सोडा. आमी इथंच बसतो. हे डोंगराकडचे पन बसतील."

आणि मधली ती जागा कंदवाली चालून आली नि आमच्यात येऊन बसली. मग बाकीचेही आले.

पहाट झाली. आम्ही फाटकासमोर रस्त्यावर, समुद्राच्या अंगाला बसलेले. मतलई सुटला. साहेबाने खरंच धूर सोडला. वाटलं असेल, पळतील. तो पिवळा लोट आमच्या डोक्यावरून खाली उतरला. डोळे जळायला लागले, घसा जळायला लागला. माणसं खोकायला लागली, बंदरपट्टी जंगलपट्टी सगळी एकाच सुरात. बायकोची छाती वर गेली नि अडकली. कंदवालीने तिला पाठीमागून धरून ताठ बसवलं, पाठ चोळत राहिली. मी उठलो. म्हटलं, पुरे झालं, मी हिला उचलून नेतो. बायकोने डोळ्यांनीच मला खाली बसवलं. तसे डोळे तिने मला लग्नानंतर कधी दाखवले नव्हते.

तेवढ्यात आतून रात्रपाळीचे कामगार तोंडाला फडकी बांधून बाहेर आले. परमुलखातली पोरं. ती रोजच तो धूर खात होती, आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. त्यातला एक ओरडला, "साब, पानी वाला मशीन चालू करो ना! लगा के रखा है, चलाते क्यों नहीं?"

म्हणजे यंत्र होतं. धूर पाण्याने धुवून मगच बाहेर सोडायचं यंत्र होतं, नि ते बंद ठेवलेलं. वीज लागते, पाणी लागतं म्हणून. पाटील हे ऐकून असा उठला की मला वाटलं आता साहेबाला उचलून आपटतो. त्याने आपटलं नाही. एकाला सरकारी कचेरीत निरोप देऊन पाठवलं नि तिकडची गाडी येईपर्यंत त्याने साहेबाला आमच्यातच, धुरात उभं करून ठेवलं. गाडीतून जो अधिकारी उतरला त्याच्याही डोळ्यांतून पाणी आलं. त्याला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. कारखाना बंद झाला. उघडला तो यंत्र चालू करून.

लोक म्हणतात, त्या सकाळीच तिचं जास्त बिघडलं. असेल. डॉक्टरला मी कधी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. पुढेही दुसऱ्या कारखान्यांचे वास यायचे. मग दोन्ही पट्ट्यांचे लोक मिळून जायचे. आमचा माणूस एकटा चहा प्यायला परत कधी गेला नाही.

यंत्र चालू झालं त्या दिवशी पहाटे वास नव्हता. ती अंथरुणातच होती, बोलायला त्रास होत होता. दुपारी वारा फिरला तशी मला म्हणाली, "तिकडं जाऊन बघा. गेला का धूर तिकडं."

मी म्हटलं, "वेडी काय? एवढ्या लांब?"

पण सायकल काढली. उन्हात पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलो. कंदवाली शेतात होती. मी विचारलं, "वास हाय काय?"

तिने नाक वर केलं, थोडी थांबली. "आज नाय."

घरी येऊन सांगितलं. बायकोने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "उद्या परत जा."