आरतीनंतरची समई

दुपारची जेवणं आटोपली की शरयूबाईंचे डोळे धड मिटत नाहीत आणि धड उघडे राहत नाहीत. उंबऱ्यावर थबकलेल्या पाहुण्यासारखे, आत यावं की परत फिरावं, असं त्यांचं चाललेलं असतं. आजही तसंच. कऱ्हाडातलं वैशाखाचं ऊन दुसऱ्या मजल्यावरच्या पडद्याला पिवळं करून सोडतंय, पंखा गरम वारा इकडचा तिकडे करतोय, आणि शरयूबाई दिवाणावर टेकून वाती वळताहेत. मांडीवर कापसाचा पुंजका, शेजारी भस्माची वाटी. समोर भिंतीवर लेकीनं घेऊन दिलेला नवा चपटा टीव्ही. निळाशार. त्यावर मधोमध दोनच शब्द : सिग्नल नाही.

टीव्हीच्या खाली, पाटावर, मुकुंदरावांचा कॉम्प्युटर आहे. आजकालच्यासारखा नाही हो. पोळपाटाएवढा काळा डबा, वर रबराच्या कळा. त्याला स्वतःचा पडदा नव्हता की साठवण नव्हती. पडदा म्हणजे घरातला टीव्ही आणि साठवण म्हणजे टेपरेकॉर्डरच्या कॅसेटी. मुकुंदरावांचे टायपिंगचे क्लास जोरात होते त्या काळात त्यांनी तो हौसेनं आणला होता. एका दिवाळीला त्यांनी त्यावर समई काढली. टिंब-टिंब जोडून. आधी खालची बैठक, मग दांडा, मग वाट्या, आणि सगळ्यात शेवटी थरथरणारी ज्योत. खाली नाव : शरयू. कोरी कॅसेट घरात नव्हती, म्हणून एका कीर्तनाच्या कॅसेटच्या शेवटी, आरतीनंतरच्या उरलेल्या जागेत, ती समई त्यांनी भरून ठेवली. तेव्हापासून त्या कॅसेटवर बुवांची आरती संपली की किर्रर्र आवाज सुरू होतो. तो आवाज म्हणजे समई.

माघात मुकुंदराव गेले. शरयूबाईंना रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. राममंदिरात कीर्तनाला जातात, टाळी वाजवतात, पण ती टाळी दुसऱ्याच कुणाच्या हाताची असावी असं वाटतं. आख्यानात भले भले लोक डोळे पुसतात तेव्हा त्या खांबाकडे बघत बसतात. मनाशी एकच धरून आहेत : ती समई एकदा दिसावी. दिसली तर आत काही हलेल. नाही हललं तर नाही, पण कळेल तरी.

आणि दिवस आजचाच आहे. उद्या सकाळी लेक केतकी परत जाणार, आणि जाताना हा डबा पुण्याच्या एका गृहस्थांकडे देणार. ते जुनी यंत्रं जपतात. सकाळपासून तिनं वायरी लावल्या, काढल्या, चॅनेल हातानं जुळवलं. डब्यावरचा लाल दिवा लागतो, पण टीव्ही आपला निळा तो निळाच.

"वायरच गेली असणार," मघाशी चपला घालता घालता ती म्हणाली. "स्टँडजवळच्या दुकानात मिळते का बघते. तू पड जरा."

"आणि नाही मिळाली तर?"

"मग राहिलं, आई. इथे धूळ खात पडण्यापेक्षा तिकडे बरं ना?"

"धूळ नाही खात तो. मी पुसते."

"पुसतेस, पूजाही करतेस. माहितेय मला," असं म्हणून केतकी हसली आणि जिना उतरून गेली.

तिच्या चपलांचा आवाज खाली खाली जातो. कापसाचा पुंजका मांडीवरून ओघळतो. शरयूबाई तो उचलायला वाकतात, तर पायाखाली राममंदिराची फरशी आहे. गार.

सभामंडप भरलेला आहे. बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे, नेहमीसारखे. बुवा गादीवर उभे आहेत, पण त्यांचं तोंड गाभाऱ्याकडे आहे आणि गाभाऱ्यात देवाच्या जागी निळा उजेड आहे. तो सगळ्यांच्या कपाळांवर पडलाय. कुणाला त्याचं काही वाटत नाही. शरयूबाईंनाही नाही. त्या आपल्या खांबाशी बसतात. हातात वात आहे, अर्धी वळलेली.

पेटीवर मुकुंदराव बसलेत. अर्ध्या बाह्यांचा सदरा, चष्म्याला दोरा.

"अहो, तुम्ही?"

"मग पेटी कोण वाजवणार? उत्सवाच्या दिवसांत एक पेटीवाला मोकळा सापडेल तर शपथ."

"पण तुम्ही गेलात ना?"

"गेलो की. पेटी इथेच राहिली होती."

हे त्यांना पटतं. पेटी राहिली होती हे खरंच आहे, देवळातच आहे ती अजून.

"तिकडे वाजवत नाही वाटतं?"

"तिकडे सगळे एका सुरात गातात गं. साथीला कामच नाही. नुसता हात मांडीवर ठेवून बसायचं." ते भाता दाबतात. सूर निघत नाही, वारा निघतो, उन्हाळ्यातल्या पंख्याचा. "तू जाड झालीस का वाळलीस? इथून कळत नाही."

"तुमचा चष्मा पुसा आधी. उभ्या जन्मात कधी पुसला नाहीत."

ते चष्मा काढून धोतराला पुसतात. धोतर ते कधी नेसत नसत, पण आता नेसलेत. पूर्वरंग संपला असावा. लोक नामाचा गजर करताहेत, ओठ हलताहेत, आणि एक जण बुक्क्याची वाटी घेऊन रांगेतून येतोय. शरयूबाई कपाळ पुढे करतात. बोट टेकतं. टेकल्याचं दिसतं, जाणवत मात्र नाही.

"असंच होतंय मला," त्या म्हणतात. "माघापासून."

पेटीच्या भात्यातून एक काळी वायर निघालीय, ती मुकुंदराव त्यांच्या हातात देतात. "चल. ही कुठे जाते बघू."

वायर गुंडाळत गुंडाळत दोघं निघतात. बायकांमधून वाट काढतात, कुणाच्या पदरावर पाय पडतो, कुणी "अगंबाई" म्हणत नाही. दीपमाळ ओलांडली की टायपिंगचा क्लास लागतो. लांबच लांब खोली, यंत्रांच्या रांगा, प्रत्येक यंत्रापुढे एकेक वाकलेली पाठ. चेहरा कुणालाच नाही. कळा मात्र एका तालात पडताहेत, टाळ पडावेत तशा. शरयूबाईंचा अंगठा नकळत ताल धरतो.

"यांची परीक्षा कधी?" त्या विचारतात.

"होत नाही. नुसता सराव."

शेवटच्या टेबलावर वायर संपते. तिथे काळा डबा आहे, खंडेनवमीला सजवतात तसा. झेंडूचं फूल, अक्षता, समोर विडा. मुकुंदराव डबा उचलतात, उलटा करतात आणि मागे बघून थांबतात.

"शरयू, कुंकू कुठे लावत होतीस तू याला?"

"कळांना नाही हो लावलं. तुम्ही ओरडायचात ना, कळांत कुंकू गेलं की अक्षर उमटणार नाही म्हणून. मी मागच्या बाजूला लावत आले. ती नाही का बोटाएवढी गोल वाटी, मधे भोक असलेली? तिच्यात बरोबर बसतं बोट."

"कोरडं?"

"कोरडं कसं टिकेल? तेलात कालवून."

"दरवर्षी?"

"मग काय एका वर्षी करून सोडून द्यायची पूजा? तुम्ही तो वापरायचं सोडलंत. मी कुंकू लावायचं सोडलं नाही."

मुकुंदरावांचे खांदे हलायला लागतात. ते असेच हसत, आवाज न करता, सगळं हसू खांद्यांतून. "अगं, ते तोंड आहे त्याचं. चित्र तिथूनच तर बाहेर येतं. वर्षानुवर्षं तू त्याच्या तोंडात तेल-कुंकवाचे घास भरवत आलीस. आता बोलेल कसा बिचारा?"

"मला काय ठाऊक? मला वाटलं, कुंकवासाठीच केलीय ती वाटी."

"विलायतेत केली ती. तिथे कुणाला कुंकू सुचणार?"

"तुम्ही तरी बघायचं होतं. पूजेच्या वेळी कुठे असायचात? देवळात, पेटी बडवत."

"ते मात्र खरं," ते म्हणतात, आणि हात पुढे करतात. "दे ती वात."

त्या वात देतात. दोघं आता स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभे आहेत, पण खोली क्लासचीच आहे आणि यंत्रं वाजतच आहेत. मुकुंदराव वातीचं टोक पिळून टोकदार करतात आणि त्या इवल्याशा वाटीत फिरवतात. हलक्या हातानं. केतकी लहान असताना तिचे कान असेच पुसत. अंगठ्याच्या नखावरची ती उभी रेघ तशीच आहे. शरयूबाईंना वाटतं, त्या नखाला हात लावावा. हात उचलत नाही. हात आहे, पण तो मांडीखाली दबलाय, कुठल्या तरी दुसऱ्या खोलीत.

"मला रडू येत नाही हो," त्या म्हणतात. "लोक काय म्हणत असतील."

"नको रडूस." ते वातीवरून नजर काढत नाहीत. "कीर्तनात सगळेच रडतात का? कुणी जांभया देतं, कुणी घरी दूध झाकलंय का याची काळजी करतं. तू चाळीस वर्षं खांबाशी बसून वाती वळल्यास. बुवांनी कधी म्हटलं का, वाती वळणारीनं उठून जावं?"

"नाही."

"उलट त्याच वातीवर देवळातली समई तेवली. झालं तर मग."

ते वाटीत फुंकर मारतात. फुंकर शरयूबाईंच्या कपाळाला लागते. ही मात्र लागते, गार, जिथे बुक्का टेकला होता तिथे.

"आता एक ऐक. वायर लावलीस की उठून जाऊ नकोस. आधी गोंगाट होईल, रंगांचे पट्टे धावतील. तुला ते आवडत नाही. पण तो त्याचा पूर्वरंग आहे. समई खालून वर येते, वेळ लागतो. ज्योत शेवटी येते."

"माहितेय मला. बघितलीय मी."

"आरती झाली की लोक चपला शोधायला लागतात, म्हणून म्हटलं."

यंत्रं थांबतात. सगळ्या पाठी उठून गेल्या आहेत. मुकुंदराव दाराशी उभे आहेत, एक चप्पल पायात, दुसरी पायानं चाचपताहेत. दार क्लासचं नाही, घराचंच आहे, बाहेर जिना आहे आणि जिन्यावर ऊन.

"येतो गं," ते म्हणतात.

"या," शरयूबाई म्हणतात, वर्षानुवर्षं म्हणत आल्या तसं. आणि घंटा वाजते. आरतीची. मग दाराची.

परत दाराची.

शरयूबाई दिवाणावर आहेत. उजवा हात मांडीखाली दबून मेलाय. तो त्या डाव्या हातानं ओढून बाहेर काढतात, पाहुण्याचं गाठोडं उचलावं तसा. कापूस मांडीवर आहे, भस्माची वाटी शेजारी आहे. दबलेल्या हाताची बोटं घट्ट मिटलेली. ती एकेक करून उघडावी लागतात.

आत वात आहे. चोळामोळा झालेली, तेलकट. आणि टोक लाल. जुन्या, काळपट कुंकवाचं लाल.

देवघरातली कुंकवाची कोयरी माघापासून उघडलेली नाही. देवांना त्या गंधच लावतात.

त्या उठतात, दार उघडतात. केतकी घामाघूम, रिकाम्या हातानं. "आई, किती वेळ वाजवतेय मी! झोपली होतीस? वायर नाही मिळाली. दुकानदार म्हणाला, ही आता संग्रहालयात शोधा. शहाणाच आहे मेला."

"जुनीच लाव."

"अगं, सकाळपासून तीच तर लावतेय ना!"

"लाव तर."

आईच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, केतकी पर्स खांद्याला तशीच ठेवून खाली बसते. डबा फिरवते. "हे काय, आतून चकाकतंय की. सकाळी काळं दिसत होतं. तू पुसलंस?"

शरयूबाई समोरच्या भिंतीशी फरशीवर बसतात. केतकी वायर खोचते.

निळा रंग जातो. पडदाभर राखाडी कण उसळतात, क्षणभर थरथरतात आणि बसतात. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांची एक ओळ उमटते.

"आई!" केतकी ओरडते. "आई, आलं! थांब, मला आठवतंय कसं करायचं ते. बाबांनी शिकवलं होतं." ती टेपरेकॉर्डर पुढे ओढते, कॅसेट पुढे नेते, मागे आणते. बुवांचा आवाज येतो, आरतीचं शेवटचं कडवं, टाळ, घंटा, गजर, कुणाचा तरी खोकला. देवळातली माणसं उठल्याची कुजबुज. केतकी कळा दाबते, टेपची वायर डब्याला लावते.

किर्रर्र सुरू होतं. पडद्याच्या कडेनं लाल-निळे पट्टे धावू लागतात. केतकी कानांवर हात ठेवते. "बाई गं, किती हा कर्कश! याला वेळ लागेल, तोवर मी चहा टाकते."

"बस खाली," शरयूबाई म्हणतात. "मधून उठायचं नसतं."

केतकी आईकडे बघते. मग पर्स खांद्यावरून उतरवते आणि त्यांच्या शेजारी फरशीवर मांडी घालते. "तुझ्या हातात काय आहे ते? लाल कसलं लागलंय?"

"कुंकू."

"कुठलं?"

"बघ तिकडे."

पट्टे थांबलेत. गोंगाटही थांबलाय. पडद्याच्या तळाशी एक टिंब उमटतं, त्याच्या शेजारी दुसरं. बैठकीची कड तयार होतेय. शरयूबाईंना अजून काही वाटत नाही. हाताला तेवढ्या मुंग्या येताहेत. त्या पदर खांद्यावर सारखा करतात, पाय दुमडून घेतात, खांबाशी बसतात तशा भिंतीला टेकतात. लाल टोकाची वात बोटांत आहे.

बैठक झाली. आता दांडा चढतोय.

ज्योत अजून यायची आहे. शरयूबाई उठत नाहीत.