बाबांची दोन सीटची गाडी

बाबांच्या गाडीला दोनच सीट होत्या आणि आमच्या घरात माणसं तीन. त्यामुळे आम्ही तिघं मिळून त्या गाडीतून कधीच कुठे गेलो नाही. लग्न असो की जत्रा, बाबा आणि मी गाडीने पुढे आणि आई मागून बसने. पोचल्यावर ती पदराने घाम पुसत म्हणायची, "आयली का तुमची मोटार नीट, का ढकलून आनली?" आम्ही हसायचो. तीही हसायची.

आमची शेती पावणे एमआयडीसीच्या कारखान्यांत गेली तेव्हा बाबा शाळेत होते. पुढे त्याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात ते लेथ मशीनवर कामाला लागले. कारखान्याच्या मालकांनी हौसेने घेतलेली एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. बुटकी, लांब नाकाची, कापडी छपराची. ती बाबांशिवाय कोणाच्या हाताने चालूच व्हायची नाही. मालक म्हातारे झाले, मुलं परदेशात राहिली, तेव्हा त्यांनी ती बाबांना देऊन टाकली.

अशा गाड्या लोक झाकून ठेवतात, रविवारी पुसतात. बाबांनी ती रोज चालवली. स्वतःचा छोटा गाळा काढला तेव्हा घर ते गाळा, गाळा ते वाशी, लोखंड आणायला तळोज्याला, एकदा तर मला परीक्षेला घेऊन थेट नाशिकला. मीटरवरचे आकडे संपून ते पुन्हा शून्यावर आले होते, तेही एकदा नाही. किती वेळा, यावर बाबांचं आणि आईचं एकमत नव्हतं.

इतकी चाललेली गाडी म्हणजे सतत काहीतरी उघडलेलं असणार. खाडीच्या खाऱ्या हवेने तिचा तळ खाल्ला. मी कॉलेजात असताना माझ्या पायाखालचा पत्रा गेला आणि खालून पळणारा रस्ता दिसायला लागला. बाबांनी नवा पत्रा वेल्ड केला. तोही गेला, पुन्हा केला. पार्ट मिळायचे नाहीत, म्हणून बुशिंग, पिना, पाण्याच्या पंपाचा शाफ्ट त्यांनी स्वतः लेथवर काढले. दुसरा गिअर टाकताना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागायचा, गाडीलाही आणि आपल्यालाही. या सगळ्यात ती रस्त्यात बंद मात्र फार क्वचित पडली. पडली तरी बाबा बॉनेट उघडून हात घालायचे आणि ती पुन्हा सुरू व्हायची. माझ्या लेखी हे इतकं ठरलेलं होतं, की गाडी थांबली तरी मी पुस्तकातून डोकं वर काढत नसे.

आईला छातीचा त्रास सुरू झाला तेव्हा माझं लग्न होऊन मी वाशीला राहायला आले होते. तिला दर काही दिवसांनी वाशीच्या हॉस्पिटलात तपासणीला न्यावं लागायचं. बस तिला झेपेना. मग आयुष्यात पहिल्यांदा ती त्या गाडीत नेमाने बसायला लागली. बाबांनी तिच्यासाठी सीटचा स्पंज बदलला. आणि आता आजारी माणूस बसणार म्हणून इंजिनातलंही जे जुनं होतं, ते बदलायला घेतलं. इंग्लंडहून पार्सल मागवलं. त्यात स्पार्कप्लग होते, होसपाइप होते आणि एक कंडेन्सर होता. हा अंगठ्याएवढा धातूचा तुकडा असतो. तो खराब झाला की प्लगला करंट नीट मिळत नाही. आधीचा कंडेन्सर मालकांच्या काळापासूनचा होता आणि चालतही होता. पण बाबा म्हणाले, "इतका जुना झालाय. उगाच कशाला विषाची परीक्षा?" त्यांनी तो काढला आणि नवा बसवला.

त्या सकाळी मी माहेरीच होते. आई मोरीतून बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. चेहरा राखेसारखा झाला होता. अँब्युलन्सला फोन केला तर यायला वेळ लागेल म्हणाले. गाडी दारातच होती. आई स्वतः चालत जाऊन तिच्यात बसली. तिसऱ्याला जागा नव्हती, म्हणून मी मागून रिक्षा केली.

तुर्भ्याहून वाशीकडे वळल्यावर मार्केटच्या ट्रकांची रांग लागली होती. ऊन चढलेलं, कांद्याच्या गोण्यांचा वास, पुढे काहीच हलत नव्हतं. माझ्या रिक्षातून मला बाबांच्या गाडीचं छप्पर दिसत होतं. रांग जरा पुढे सरकली आणि गाडी सरकली नाही. मागचे हॉर्न वाजायला लागले. बाबा उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

मी धावत गेले. "बाबा, रिक्षा आहे माझी. आईला त्यात घेऊ."

"येकच मिनिट. तापलीय फक्त."

मी आईच्या बाजूचं दार उघडलं. ती घामाने भिजली होती. मी तिच्या काखेत हात घातला, तर तिने माझं मनगट धरलं.

"थांब गं," ती म्हणाली. "करतील ते चालू."

आयुष्यभर त्या गाडीची टिंगल केलेली बाई. मी बाबांकडे बघितलं. ते आत येऊन सेल्फ मारत होते, परत बाहेर जाऊन वाकत होते, पुन्हा सेल्फ. इंजिन फिरत होतं, पेटत नव्हतं. शेवटी मी ओरडले, रिक्षावाला धावून आला आणि आम्ही दोघांनी तिला जवळजवळ उचलूनच रिक्षात घातलं. बाबा बॉनेटवर हात ठेवून तसेच उभे होते. त्यांना गाडी रस्त्यात सोडून येता येईना. आम्ही निघालो आणि मागे बघितलं तर ते गाडी एकटेच बाजूला ढकलत होते.

आई संध्याकाळी गेली.

डॉक्टरांना मी बाजूला घेऊन विचारलं, थोडं लवकर पोचलो असतो तर? ते तरुण होते, दमलेले होते. म्हणाले, "सांगता येत नाही, मॅडम." त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. हो म्हटलं असतं तरी काहीतरी धरायला मिळालं असतं.

गाडी कोणीतरी ओढून गाळ्यात आणून ठेवली होती. तेरावं झाल्यावर ते सकाळी उठून गाळ्यात जायला लागले आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. मला वाटलं कामाला लागले, बरं झालं. एके दिवशी शेजारच्या गाळ्यातल्या काकांचा फोन आला. म्हणाले, "बाय, बापाला बघून जा जरा. दिवसभर गाडी चालू ठेवतो. धुरानं आमाला बसवत नाय."

मी गेले. गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. लेथवर धूळ बसली होती. मध्ये गाडी उभी, बॉनेट उघडं, इंजिन चालू. बाबा समोर स्टुलावर बसले होते. मला बघून त्यांनी हाताने थांब अशी खूण केली.

"ऐक," ते म्हणाले.

इंजिन एका लयीत चाललं होतं. बराच वेळ आम्ही तसेच होतो. मग त्यात एक ठोका चुकला, मग दुसरा. इंजिन खोकल्यासारखं झालं आणि बंद पडलं.

"बघितलंस? गरम झाला की करंट तुटतो. थंड झाला की परत चालू. यो नवा कंडेन्सर हाय."

त्यांनी तो काढला. हात पोळत होते, तरी फडकं घेतलं नाही. खिशातून जुना कंडेन्सर काढून तिथे बसवला आणि सेल्फ मारला. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. ती चालतच राहिली. मी चहा करून आणला, आम्ही तो प्यायलो, तरी ती चालतच होती.

"आता परत नवा लावतो," बाबा म्हणाले.

"बाबा, बस कर ना." आमच्याकडे बापाला अरेतुरेच करतात. "कळलं आता. कशाला परत?"

"रोज तेच होतंय. येकदा तरी वेगळं होतंय का, ते बघतो."

मी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि चावी माझ्या पर्समध्ये टाकली. नव्या कंडेन्सरची डबी त्यांच्या मुठीत होती. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. पण माझ्या मनात त्या क्षणी रस्त्यावरचं ते 'येकच मिनिट' वाजत होतं, आणि माझा हात पुढे झाला नाही. आजही कधीकधी होत नाही.

गाडी विकायची असं त्यांनीच ठरवलं. पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ बघायला आले. अशा गाड्यांचा त्यांना अभ्यास होता. बाबांनी काही लपवलं नाही. तळाचा पत्रा कुठे कुठे जोडलाय, दुसरा गिअर कसा टाकायचा, मागच्या सीलमधून तेल कुठे गळतं, सगळं वाकून वाकून दाखवलं.

गृहस्थ खूश होते. म्हणाले, "एवढी चाललेली गाडी इतकी चांगली मी पाहिली नाही. लांबच्या प्रवासाला भरवशाची आहे ना?"

बाबा बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिले.

"चालते," ते म्हणाले. "पन आजारी मानसाला नका बसवू."

गृहस्थांना वाटलं बाबा विनोद करतायत. ते हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले.

गाडी न्यायला सपाट फळीचा टेम्पो आला. बाबांनी ती स्वतः वर चढवली, चाकं पट्ट्यांनी आवळली, पट्ट्या पुन्हा तपासल्या. टेम्पो निघाला तेव्हा ते गाळ्यात गेले आणि जमिनीवर तेलाचा जो डाग होता त्यावर भुसा टाकायला लागले. काही महिन्यांनी त्यांनी गाळाही भाड्याने देऊन टाकला.

आता ते माझ्याकडे राहतात, वाशीला. त्यांना कुठे जायचं असेल तर मी मोबाइलवरून टॅक्सी बोलावते. ते मागे बसतात आणि ड्रायव्हरशी बोलत नाहीत. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणाची गाडी चालू होत नसेल, तर पूर्वी ते चपला घालून खाली गेले असते. आता गॅलरीतून ऐकतात आणि आत येतात.

मध्यंतरी पुण्याच्या त्या गृहस्थांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. ते बायकोला घेऊन महाबळेश्वरला जाऊन आले होते. घाटात गाडी एकदाही कुरकुरली नाही, तुमचे हात सोन्याचे आहेत, मिसेस तर म्हणतात आता दर महिन्याला जायचं, असं ते उत्साहाने सांगत होते.

बाबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "जावा. फिरवा त्यांना."

फोन ठेवल्यावर मी ताटं वाढली. बाबा उठून आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. मी हाक मारली, तर आतून "भूक नाय" म्हणाले. त्यांचं ताट मी झाकून ठेवलं. सकाळी ते तसंच होतं.