गोमतीबाईंचा गिलावा

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला घरात बसवेना, म्हणून वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या आमच्या महिला मंडळाची सहल काढायचं काम मी अंगावर घेतलं. गेल्या फेब्रुवारीत ट्रॅव्हल्सची बस ठरवली, अठ्ठावीस बाया जमवल्या आणि तीन दिवसांत जुने वाडे, राजवाडे, किल्ले पाहून यायचं असं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी तांड्यावरच्या निताचा फोन आला.

"मॅडम, माह्यं अंगणवाडीचं ट्रेनिंग निघालं. माह्या जागेवर सासूबाईले नेता का?"

अशा गोमतीबाई आमच्यात आल्या. साठीच्या, काटक, खांदे पुरुषासारखे रुंद. बसमध्ये चढतानाच म्हणाल्या, "जुन्या भिंती काय पाह्याच्या, मॅडम? जलमभर थ्याच पाह्यल्या. पण सून आयकतच नाई."

मला वाटलं, उगाच बोलतात.

सिंदखेडराजाला बाकीच्या बाया दरवाज्यासमोर फोटो काढत होत्या. गोमतीबाई एकट्याच आतल्या भिंतीपाशी उभ्या होत्या. तळहात भिंतीवर टेकवलेला, डोळे मिटलेले. पहारेकऱ्यानं हटकलं तसा त्यांनी हात काढून घेतला. दौलताबादलाही तेच. अंधाऱ्या वाटेत बाया एकमेकींना धरून ओरडत होत्या, आणि या मात्र भिंत चाचपत सगळ्यांच्या पुढे निघून गेल्या.

दौलताबादहून मुक्कामाला परतताना मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "काय पाहत होत्या हो भिंतीत?"

"कोनाचा हात कसा होता थे समजते," त्या म्हणाल्या. मग हळूहळू सगळं सांगितलं.

लग्नानंतर त्या आणि त्यांचे मालक रामधन दर दिवाळीनंतर तांडा सोडून कामाला जात. आधी ऊसतोड केली. पुढे जुन्या वाड्यांची, देवळांची डागडुजी करणारा एक ठेकेदार भेटला. गोमतीबाईंकडे चुन्याची पाटी वाहायचं काम होतं. तिथला म्हातारा मिस्त्री रतनसिंग, चुन्याच्या गिलाव्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ही बाई चुना बोटांत चोळून तो पिकला की कच्चा हे बिनचूक सांगते, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं तिला शिकवलं. पुढे त्याचे हात थरथरायला लागले, तेव्हा गोमतीबाई थापी हातात घेऊ लागल्या. तीन हिवाळे भिंती त्यांनी घोटल्या आणि नाव रतनसिंगचं झालं.

"त्याचा मले राग नाई," त्या म्हणाल्या. "थो सांगे ठेकेदाराले, का हे काम गोमतीचं हाय. ठेकेदार हासे. रतनसिंगबाबा गेले, अन् दुसऱ्याच दिवशी त्यानं माह्या हातात पुन्हा पाटी देल्ली. म्या पाटी थितंच ठुली आन घरी आलो. सोळा वर्सं झाले."

मग त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला.

तिसऱ्या दिवशी गोदावरीकाठच्या एका गावातली सरदारांची हवेली पाहायची होती. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथल्या लोकांना उगाच वाईट वाटायला नको. हवेली दुरुस्त होत होती. काम पाहणारी रीता नावाची तरुण आर्किटेक्ट होती, तीच आम्हाला सगळं दाखवत होती. पुढचा दिवाणखाना सुंदर होता. पण मागच्या ओसरीत आलो तर नव्या गिलाव्याला तडे गेलेले. जगदेव मिस्त्री दोन गड्यांना घेऊन तो खरवडून काढत होते.

"तिसऱ्यांदा काढतोय," रीता ओशाळून म्हणाली. "चुना चांगला आहे, तरी टिकत नाही."

गोमतीबाई पुढे झाल्या. घमेल्यातला चुना चिमटीत घेऊन चोळला. भिंतीला हात लावला.

"वाळू जास्त झाली याच्यात," त्या म्हणाल्या. "आन भिंत तहानली हाय. तुमच्या गिलाव्यातलं पानी थेच पेऊन टाकते. मंग तडे नाई जाईन त काय होईन?"

जगदेव उठून उभे राहिले. "मावशी, तीस वर्षं हेच काम करतोय मी. तुम्ही आपली सहल करा."

"सिमेंटाचं करत असान भाऊ. चुन्याचं येगळं राह्यते." आवाजात राग नव्हता. त्या रीताकडे वळल्या. "मले एक तुकडा द्या भिंतीचा. दोन हात लांब, दोन हात रुंद. करून दाखोतो."

रीतानं माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे. पुढे साड्यांच्या दुकानात थांबायचं होतं आणि त्यासाठी बाया तीन दिवसांपासून वाट पाहत होत्या. ड्रायव्हर सांगून गेला होता, दोन्ही होणार नाही. मी बायांना विचारलं. साड्यांसाठी सगळ्यात जास्त घाई करणारी रामीबाईच म्हणाली, "साड्या काय, वाशिमातबी भेटतात. करू द्या नं तिले!"

गोमतीबाईंनी पदर खोचला. अंगणाच्या कोपऱ्यातल्या टाकीत पाण्याखाली मुरलेला जुना चुना त्यांनी निवडला. वाळूचं माप स्वतः घातलं. भिंत भिजवायला पाणी कमी पडायला लागलं तशा आमच्या बायांनी विहिरीपासून ओसरीपर्यंत रांग लावली आणि बादल्या हातोहात पुढे येऊ लागल्या. भिंत पाणी पीत होती, आणि गोमतीबाई म्हणत होत्या, "आनखीन. आनखीन आना." तासाभरानं त्यांनी थापी हातात घेतली. पहिले दोन-चार हात अडखळले. सोळा वर्षांत सवय गेलेली. त्या थांबल्या, मनगट झटकलं, आणि मग जो हात चालू लागला, तो पाहून जगदेव मिस्त्रींनी तोंडातली सुपारी थुंकली आणि जवळ येऊन बसले.

"आता गिलावा ठोकाचा," त्या जगदेवांना सांगू लागल्या. "आज, उद्या, परवा. हातानं दाबून पाहा, बोट उमटनं बंद झालं का मंगच थांबा. वरतून वलं गोनपाट. थे वाळू देऊ नोका."

"बरं," जगदेव म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही.

महिन्याभरानं मला रीताचा फोन आला. बोलायला तिनं जगदेवांनाच दिलं. "मॅडम, मावशींना सांगा, तुकडा दगडासारखा झालाय. एक केसाएवढी चीर नाही. आम्हाला शिकवायला येतील का विचारा."

मी स्वतः तांड्यावर गेले. गोमतीबाई ऐकून पुन्हा दाणे निवडू लागल्या. त्यांचे मालक रामधनबाबा म्हणाले, "काहून, जात नाई का?"

"पाटी वाह्याले नाई जात," त्या म्हणाल्या.

मी तिथूनच रीताला फोन लावला. ती म्हणाली, "हजेरीत त्यांचं नाव मिस्त्री म्हणूनच लागेल. सगळ्यात वर."

तेव्हा मात्र बाईंना रडू फुटलं. हसतही होत्या. नितानं पाणी आणून दिलं आणि शेजारपाजारच्या बाया काय झालं म्हणून धावत आल्या.

ती ओसरी त्यांनी पावसाळ्याच्या आत पुरी केली. दिवाळीनंतर रीतानं त्यांना दुसऱ्या जागी बोलावलं, एका जुन्या देवळाच्या शिखरावर. या वेळी तांड्यावरची रूपला आणि आणखी दोघी त्यांच्यासोबत गेल्या, शिकायला. या वर्षीची सहल तिकडेच न्यावी म्हणून परवा मी फोन केला, तर वाऱ्याचा आवाज येत होता आणि मागून कोणीतरी हाका मारत होतं.

"मॅडम, मंग बोलतो," गोमतीबाई ओरडल्या. "बांबूच्या परांचीवर हाय मी. गिलावा वाळून राह्यला!"

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.