चेष्टा, शल्य आणि बी ग्रुपचं रक्त

दवाखान्यात कापूस संपतो, टिंक्चर संपतं, एकदा तर आमच्याकडे थर्मामीटरसुद्धा संपले होते. किस्से मात्र कधी संपले नाहीत! रोज संध्याकाळी घरी जाताना एखादा नवा हाताला चिकटलेला असायचाच, आणि तो साबणाने जायचा नाही. इतक्या वर्षांत एवढे साठलेत की आता एकाला हात घातला की मागून तीन बाहेर येतात.

मी मूळची देवासची. इंदूरला डॉक्टरकी शिकले आणि संस्थानं विलीन होऊन मध्य भारत झाला, त्याच सुमाराला धारच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले. लोक मला ‘डॉक्टरनी बई’ म्हणायचे. माझे वरिष्ठ अप्पासाहेब. जाड भिंगांचा चष्मा, कोटाच्या खिशात लवंगा, आणि एकच खोड. कुणी डॉक्टरी शब्द तोंडातून काढला की ते लगेच म्हणणार, “व्याख्या सांगा!”

पहिल्याच दिवशी मी सापडले. “या बाईंना ताप आहे,” मी म्हटलं.

“ताप म्हणजे काय?”

मी पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. अप्पासाहेबांनी एक लवंग तोंडात टाकली.

“ही थर्मामीटरची झाली. ज्याला ताप येतो त्याची कुठाय?” असं म्हणून ते खाटेवरच्या म्हातारीकडे वळले. राजगढकडची होती. “माँजी, ताप काई वे?”

म्हातारीने गोधडीतून तोंड बाहेर काढलं. “भिया, जदे बऊ की बात मीठी लागवा लागे, तदे समझी लो के ताप माथा में चढ़ी ग्यो!”

पलीकडे तिची सून पेज ढवळत बसली होती. ती म्हणाली, “तो आज घणो तेज है, साब. सबेरा से म्हने बेटी-बेटी करी री है!”

*

मग सरकारी हुकूम आला की यापुढे सगळं कामकाज हिंदीतून. तोवर आमचे कागद थोडे इंग्रजीत, थोडे मराठीत असत. आमच्या कारकुनाने मोठ्या उत्साहाने नवे शब्द आणले.

त्या दिवसांत तात्या म्हणून एक रिटायर मराठी मास्तर न्यूमोनियाने आमच्याकडे होते. अगदी जातात की राहतात, अशी वेळ आली होती. अप्पासाहेब दोन दिवस घरी गेले नव्हते. पेनिसिलिन इंदूरहून मोटारीने मागवलं. तात्या वाचले. बरे होऊन उशाला टेकून बसायला लागल्यावर त्यांनी स्वतःचा केसपेपर मागून घेतला आणि वाचता वाचता एकदम लालबुंद झाले.

“डॉक्टर! मी इथे शेवटचे श्वास मोजत होतो, आणि तुम्ही माझी चेष्टा करत होतात?”

“कोण म्हणतं?”

“तुमचा कागद म्हणतो! ‘रोगी को बचाने की बहुत चेष्टा की गई.’ बहुत! म्हणजे थोडीथोडकी नाही!”

मी तोंडाला पदर लावून बाहेर पळाले. अप्पासाहेबांनी शांतपणे समजावलं की हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, खटपट, शिकस्त. तात्यांनी ऐकून घेतलं.

घरी जायच्या दिवशी सदरा, टोपी, उपरणं असा सगळा जामानिमा करून ते अप्पासाहेबांच्या खोलीत आले. डोळे भरलेले. हात जोडून म्हणाले,

“डॉक्टर, सख्ख्या भावाने केली नसती एवढी माझी चेष्टा आपण केलीत. जन्मभर विसरणार नाही!”

*

त्याच कारकुनाने ऑपरेशनच्या खोलीवर पाटी लावली होती, ‘शल्य कक्ष’.

एका सकाळी एक काकू आल्या. एकेकाळी त्यांचे यजमान दरबारात चांगल्या हुद्द्यावर होते, आता त्या एकट्याच राहत. पाटी वाचून दारातच थबकल्या आणि हळूच मला विचारलं, “इथे शल्य काढतात का हो, बाई?”

“काढतात की! कुठे आहे तुमचं?”

त्यांनी छातीवर हात ठेवला. “इथे. खूप जुनं आहे.”

मी गाठ असेल म्हणून तपासायला पुढे झाले, तर काकू म्हणाल्या, “लेक इंदूरला मिलमध्ये असतो. सोन्याच्या पाटल्या विकू दिल्या नाहीत म्हणून भांडून गेला. दोन वर्षं झाली, आई म्हणून हाक नाही.”

काकू, ही खोली निराळी, असं मी सांगणार तोच मागून अप्पासाहेबांनी स्टूल पुढे सरकवलं. “बसा काकू. पहिल्यापासून सांगा.”

बाहेर पेशंटांची रांग, आत काकू बोलताहेत आणि अप्पासाहेब मान हलवताहेत! शेवटी काकूंनी डोळे पुसले. अप्पासाहेब म्हणाले, “शल्य बाहेर आलं. टाके घालायची गरज नाही. जपून जा.”

चार-पाच दिवसांनी एक दांडगा गडी धापा टाकत दवाखान्यात घुसला. “माझ्या आईचं ऑपरेशन कुणी केलं? मला कळवलं का नाही? गावातला माणूस भेटला म्हणून समजलं, नाहीतर...” काकूंनी गावभर सांगितलं होतं, ‘सरकारी डॉक्टरांनी माझं शल्य काढलं!’

“कशी आहे ती? वाचेल ना?”

अप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. “ऑपरेशन यशस्वी झालं की नाही ते कळत नव्हतं. आत्ता कळलं. घरी जा, ती वाट बघत असेल.”

*

दाईंचा वर्ग माझ्याकडे होता. आसपासच्या खेड्यांतल्या बाया यायच्या. शिकवायचं हिंदीत, समजावायचं माळवीत आणि रागवायचं मराठीत, असा आमचा कारभार. पहिल्या वर्षी परीक्षा घ्यायला इंदूरहून खादीचा कुडता-पायजमा घातलेले एक साहेब आले. निकाल वाईट लागला तर वर्ग बंद, हे मला आधीच बजावलं होतं.

“जंतु किसे कहते हैं?” साहेबांनी पहिलीला विचारलं.

“जो हमको नहीं दिखते और सिस्टर को दिखते हैं.”

आमच्या केरळच्या मेरी सिस्टरने कपाळाला हात लावला. साहेब दुसऱ्या बाईकडे वळले.

“बेहोशी?”

“साब, छोरी हुई सुन के सासू को जो आती है, वो!”

साहेबांच्या मिशा हलल्या, पण हसले नाहीत. तिसरी होती आमच्याच मराठी मंडळींतली सोनूबाई. तोंडी पुरे, आता प्रात्यक्षिक बघू, असं साहेबांच्या मनात आलं. ते उठून तिच्यासमोर उभे राहिले.

“चलो, मेरी नाड़ी देखो.”

सोनूबाईने लाजून मान खाली घातली. मग पदर सावरून साहेबांच्या कुडत्याखाली एक ओझरती नजर टाकली आणि म्हणाली,

“बंधी हुई है, साब. घट्ट!”

सगळ्याजणी पास झाल्या. साहेब मात्र मोटारीत बसेपर्यंत कुडता खाली ओढत होते.

*

धारमध्ये जुन्या मानकऱ्यांचं एक घर होतं. घरातल्या मोठ्यांना सगळे रावसाहेब म्हणत. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. लागलंच तर हाताशी असावं म्हणून त्यांचं, घरच्या मंडळींचं आणि आपण होऊन हात पुढे करणाऱ्या त्यांच्या टांगेवाल्या भेरूचंही रक्त तपासायला इंदूरला पाठवलं.

रिपोर्ट आला. रावसाहेबांचं रक्त ‘बी’. भेरूचं ‘ए’.

रावसाहेब खाटेवर उठून बसले. “आमचं रक्त बी? आमचे पूर्वज घोड्यावर बसून या मुलखात आले, डॉक्टर! आणि याचं ए?”

“ही नुसती नावं आहेत, रावसाहेब. वरचं-खालचं काही नाही.”

“मग आमचं नाव ए ठेवा!”

“तसं करता येत नाही.”

“मग ऑपरेशन नाही!” त्यांनी सरळ पगडी मागवून डोक्यावर चढवली. दुखणं अंगावर काढलं तर जिवावर बेतेल, हे अप्पासाहेबांना दिसत होतं. घरची माणसं रडकुंडीला आली. अप्पासाहेब म्हणाले, “बी म्हणजे बहादूर असं समजा.”

रावसाहेब जरा विरघळले. “बरं. पण मग ए म्हणजे काय?”

अप्पासाहेबांनी लवंग तोंडात टाकली. तेवढ्यात दाराशी उकिडवा बसलेला भेरू हात जोडून म्हणाला,

“हुकम, आप रोज म्हने हेलो पाड़ो नी, ‘ए! टांगा काढ!’ बस, वोज ‘ए’!”

रावसाहेबांनी पगडी काढून भेरूच्या हातात दिली. “ऑपरेशन करा,” म्हणाले.

*

आणि आता आमच्या वसंताचं.

वसंता आमचा कंपाउंडर. तरुण, सडपातळ, कामाला चोख. देवासला टेकडीच्या पायथ्याशी एका मराठी गृहस्थांचा फोटो स्टुडिओ होता, त्यांच्या कमळशी त्याचं लग्न ठरलं. साखरपुडा झाला आणि वसंताला खोकला लागला. जाता जाईना. त्या काळी दवाखान्यात काम करणाऱ्याला खोकला म्हटलं की सगळ्यांच्या मनात एकच नाव यायचं. वसंताचं जेवण तुटलं. कमळच्या आयुष्याचं मातेरं नको, मीच नकार कळवतो, म्हणायला लागला. अप्पासाहेबांनी त्याला गप्प बसवलं आणि थुंकी तपासायला पाठवली.

रिपोर्ट आला, निगेटिव्ह! क्षय नाही! वसंता लहान मुलासारखा रडला. मेरी सिस्टरने सगळ्यांना गुळाचा खडा दिला. वसंताच्या मामांनी देवासला जाऊन सासऱ्यांना आनंदाने सांगितलं, “मुलाची तपासणी झाली. निगेटिव्ह निघाला!”

सासऱ्यांनी लग्न मोडलं.

मामा तोंड पाडून परत आले. अप्पासाहेब मला म्हणाले, “बाई, देवास तुमचं माहेर. चला.” इंदूरला मोटार बदलून आम्ही दोघं देवासला पोचलो. स्टुडिओत सासरे पडद्यासमोरची खुर्ची पुसत होते. बसा म्हणाले, पण चेहरा घट्टच.

अप्पासाहेबांनी सगळं समजावलं. निगेटिव्ह म्हणजे रोग नाही. निगेटिव्ह म्हणजे उत्तम. निगेटिव्ह म्हणजे पेढे वाटा!

“अहो डॉक्टर, मला निगेटिव्ह शिकवता?” सासरे म्हणाले. “उभा जन्म त्यात गेला माझा. निगेटिव्ह म्हणजे काळं तोंड, पांढरे केस आणि अर्धवट काम! कधी गिऱ्हाइकाच्या हातात मी निगेटिव्ह दिली नाही, आणि मुलगी निगेटिव्हला देऊ?”

मी सांगून पाहिलं. अप्पासाहेबांनी पुन्हा सांगितलं. सासरे खुर्चीच पुसताहेत! शेवटी अप्पासाहेबांनी खिशात लवंग चाचपली, तीही संपलेली. आम्ही उठलो.

इतक्यात आतल्या अंधाऱ्या खोलीचा काळा पडदा बाजूला झाला आणि कमळ बाहेर आली. बोटांवरून पाणी निथळत होतं. तिने आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला, पदराला हात पुसले आणि वडिलांसमोर उभी राहिली.

“बाबा, मला निगेटिव्हच हवी.”

“काय म्हणालीस?”

“फोटो काय, एकदा फाटला की गेला. निगेटिव्ह घरात असली, की पाहिजे तेवढ्या कॉप्या काढता येतात!”