मी अर्धंच सांगितलं

मी सीमेवरच्या ठाणाकुशनूर गावात पंचायतीच्या वाचनालयात काम करतो. आमच्याकडे घरोघर मराठी आणि सरकारी कागद कन्नडमध्ये. कुणाला नोटीस आली की माणसं ती माझ्याकडे आणतात, मी वाचून मराठीत सांगतो. आजवर कुणाला चुकीचं सांगितल्याचं आठवत नाही. सांगितलं ते फक्त माझ्या बायकोला.

मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आठवडाभर खोकला होता. आंघोळ घालताना बायको म्हणाली, "हिचं पोट उजवीकडं टणक लागायलंय ओ." मी हात लावला. कच्च्या पपईसारखं घट्ट. मला वाटलं, बेंबी सरकली असेल. जवळच्या चिंताकी गावात पोट चोळणारी एक म्हातारी आहे. लहानपणी माझंही पोट तिनंच चोळलेलं. दोन दिवस मी मुलीला मोटारसायकलवर तिच्याकडे नेलं. दुसऱ्या दिवशी मुलगी ओरडायला लागली. म्हातारीनं हात थांबवला.

"लई घट्ट हाय रं. सुटंना झालंय."

"जरा जोर दे, मावशी," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी मुलीला धाप लागली. जेवताना घास हातात धरून ती नुसती श्वास घेत बसली. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून उजेडाकडे धरला. छातीचा उजवीकडचा खालचा भाग सगळा पांढरा. "फुफ्फुसाभोवती पाणी झालंय," ते म्हणाले. "पण मला हिचं पोटच बरं दिसत न्हाई. आजच्या आज कलबुर्गीला न्या."

कलबुर्गीच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि कन्नडमध्ये सावकाश सांगितलं. उजव्या किडनीवर मोठी गाठ आहे. बहुतेक कॅन्सर. लहान मुलांना होणारा, आणि उपचारांनी पुष्कळ मुलं त्यातून बरी होतात. छातीतल्या पाण्यात तो पोचलाय का, ते तपासावं लागेल. तोवर पोट कुणीही दाबायचं नाही, गाठ फुटू शकते. मग त्यांनी विचारलं, "घरी कुणी पोट चोळलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

माझी बायको उदगीरकडची. तिला कन्नड येत नव्हतं. ती सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हणल्या?"

"छातीत पाणी झालंय, सुईनं काढतेत. किडनीवर सूज हाय. पोटाला हात लावू नका म्हणल्या."

"कामून?"

"दुखतंय म्हणून."

पाणी काढताना मुलीला उशी कवटाळायला देऊन बसवलं आणि मी समोरून धरलं. पाठीत, बरगड्यांच्या मधून सुई गेली. फिक्या चहाच्या रंगाचं पाणी नळीतून येत राहिलं. एवढ्याशा छातीत एवढं पाणी कुठं मावलं होतं, कळेना. संध्याकाळी तिचा श्वास हलका झाला आणि तिनं खायला चुरमुऱ्यांचा सुशीला मागितला. बायको हसली. त्या हसण्यानं मला बरं वाटलं, आणि आपण सांगितलं नाही ते ठीकच केलं, असंही वाटलं.

तपासणीचा निकाल यायला दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी बायको नळावर गेली. तिथं मुडबीकडची एक बाई भांडी घासत होती. तिचीही मुलगी त्याच वॉर्डात होती, डोक्यावर एक केस नाही. ती दखनीत म्हणाली, "तुम्हारी बच्ची को भी गुर्दे का कैंसर है ना? रोओ नक्को. मेरी की गाँठ निकल गई."

बायको परत आली ती भरलेली बाटली तशीच हातात धरून.

"मुडबीच्या बाईला ठावं हाय. नर्सला ठावं हाय. मलाच न्हाई. मी हिची कोण हाय?"

"तुला सहन झालं नसतं."

"ते तुमी कामून ठरवलं?"

मग मी तिला सगळं सांगितलं. कॅन्सर, म्हातारी, "जोर दे" म्हणालो ते, आणि डॉक्टरबाईंना "नाही" म्हणालो तेही. ती बराच वेळ मुलीचे पाय चेपत राहिली. मग उठली. "डॉक्टरला सांगा. आत्ता. मी संगं येते."

डॉक्टरबाईंनी ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. "हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं," एवढंच म्हणाल्या. मग समोरचा कागद वळवून आमच्याकडे केला. पाण्यात कॅन्सरच्या पेशी मिळाल्या नव्हत्या. स्कॅनमध्ये फुफ्फुसंही स्वच्छ होती. पोटातल्या मोठ्या गाठीमुळे कधी कधी नुसतंच पाणी झिरपतं. पाणी दिसलं म्हणजे आजार छातीत गेला, असं नसतं. "पण मिळाल्या नाहीत म्हणजे नाहीतच, असं खात्रीनं मला म्हणता येणार नाही."

मी बायकोला सगळं मराठीत सांगत होतो, या वाक्यापाशी अडखळलो. बायको वाट बघत होती. मग मी तेही तिला जसंच्या तसं सांगितलं.

औषधं सुरू झाली. दोन-तीन आठवड्यांनी काढलेल्या एक्स-रेत पाणी नव्हतं. पुन्हा सुई लागली नाही. केस गेले. दीड महिन्यानं गाठीसकट किडनी काढली. गाठीच्या तपासणीत निघालं की तिचं आवरण एका जागी फाटून गाठीतलं पोटात झिरपलं होतं. म्हणून पोटावर किरणंही द्यावी लागणार होती.

"चोळल्यामुळं झालं का?" मी विचारलं.

"अशी गाठ आपोआपही फुटते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कशानं फुटली, हे मला सांगता येणार नाही."

त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर माझ्या समाधानासाठी "नाही" म्हणालं असतं.

किरणांचे दिवस संपल्यावर मी चिंताकीला गेलो. म्हातारी दारात तुरी निवडत होती. मी सांगितलं तसे तिचे हात थांबले.

"मला काय ठावं रं, बाबा. तूच म्हणलास, जोर दे."

ते खरंच होतं. "लेकराचं पोट टणक लागलं की हात लावू नको, मावशी. डॉक्टरकडं धाड."

"व्हय," ती म्हणाली. "लेकरू जित्तं हाय न्हवं?"

"हाय."

आता मुलगी पहिलीत जाते. दर तीन महिन्यांनी आम्ही कलबुर्गीला जातो. बायको आता डॉक्टरबाईंशी मोडक्या कन्नडमध्ये स्वतः बोलते, आणि मी काही समजावून दिलं तर तेच पुन्हा नर्सला विचारून घेते. माझ्यासमोरच विचारते. आमच्यात भांडण नाही, पण सगळं पहिल्यासारखं झालेलंही नाही.

मागच्या खेपेला मुलीला सर्दी होती. एक्स-रे स्वच्छ निघाला. परतीच्या बसमध्ये तिनं खिडकीची जागा मागितली, बाहेरच्या शेळ्या मोजल्या, शाळेतलं गाणं म्हटलं. मधेच ती दोनदा खोकली. आम्ही दोघंही बोलायचे थांबलो आणि तिसऱ्या खोकल्याची वाट बघत बसलो.